उभ्या गाडीचं दुखणं

पिकअप धावून जितकी झिजते, त्याहून जास्त ती उभी राहून खराब होते. जुनी गाडी बघायला गेलेला माणूस मात्र आधी वाकतो तो मीटरकडे. आकडा कमी दिसला की गाडी चांगली, हा हिशोब मनात पक्का बसलेला असतो. दोन-तीन पावसाळे लिंबाखाली उभी राहिलेली कमी किलोमीटरची गाडी आणि रोज मोंढ्यात खेप टाकणारी, अडीच लाख किलोमीटर झालेली गाडी अशा दोन समोर ठेवल्या, तर मी दुसरी घेईन. चालत्या गाडीत तेल फिरतं, ब्रेकचे दट्टे मागेपुढे होतात, बॅटरी भरत राहते, इंजिनच्या उष्णतेनं आतली ओल उडून जाते. उभ्या गाडीत यातलं काहीच होत नाही. रबर कडक पडतं, डिझेलच्या टाकीत तळाला पाणी साचतं, दट्टे आपापल्या जागी गंजून बसतात. उंदीर वायरिंग कुरतडतात. कुंभारमाशी बारीक नळ्यांच्या तोंडाशी मातीचं घर करते आणि ज्या नळीतून डिफरन्शियलनं श्वास घ्यायचा तीच बुजते.

जालना जिल्ह्यात अशा उभ्या गाड्या भरपूर. कुणाचे हप्ते थकले म्हणून फायनान्सनं ओढून नेलेल्या, उघड्या यार्डात ऊन-पाऊस खात पडलेल्या. कुणाचा ड्रायव्हर सोडून गेला, कुणाच्या भावाभावांत वाटणी झाली आणि गाडी कुणाच्याच वाट्याला नीट आली नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा टँकरच्या पाण्यावर जगवाव्या लागल्या, तेव्हा हौद्यात प्लास्टिकची टाकी ठेवून रात्रंदिवस पाणी ओढणाऱ्या पिकअप गावोगाव होत्या. पुढच्या चांगल्या पावसानंतर त्यातल्या कित्येक जिथे थांबल्या तिथेच राहिल्या. अशी गाडी स्वस्तात मिळते, म्हणून तिच्याकडे पाय वळतात. वळावेतच, असं माझं मत आहे. फक्त तिला काय झालंय हे ओळखून तिच्याकडे जायला हवं आणि दुरुस्तीचा क्रम चुकता कामा नये.

आधी ओळखण्याचं बघू. गाडीनं काय वाहिलं, यावरून तिचं दुखणं बरंचसं सांगता येतं, आणि जालन्यात वाहायला मालाची कमतरता कधीच नव्हती. १ मे १९८१ ला औरंगाबादपासून वेगळा झालेला हा जिल्हा त्याआधीपासूनच व्यापाराचा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली आणि जालना बियाण्यांचं गाव झालं. एमआयडीसीत भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल उभ्या राहिल्या. अंबड, घनसावंगी, बदनापूर या भागातली मोसंबी, कडवंचीची द्राक्षं, सगळीकडचा कापूस आणि सोयाबीन. सत्तरच्या दशकात हे सगळं मॅटाडोरनं वाहिलं, मग टाटाच्या २०७ नं, २००५ नंतर छोट्या हत्तीनं, आणि आता बऱ्याच अंशी बोलेरो पिकअपनं.

बियाण्यांच्या पिशव्या वाहिलेली गाडी सर्वांत चांगली. माल कोरडा, ताडपत्री झाकलेली, वजन मोजून भरलेलं. कापसाची गाडीही चांगली, कारण कापूस जागा खातो पण वजनाला हलका असतो. खतं वाहिलेली गाडी मात्र हौद्याचा पत्रा खालून बघितल्याशिवाय घेऊ नये. गोणी फाटते, दाणे फळ्यांच्या फटीत आणि पत्र्याच्या घडीत शिरतात. पोटॅशच्या खतात पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणजे एक प्रकारचं मीठच. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि त्यातला क्लोराइड लोखंडावरचा बारीकसा संरक्षक थर फोडत राहतो. वरून रंग शाबूत दिसतो, पण पेचकस टोचला की आरपार जातो.

सळईची गाडी ओळखायची जागा केबिनच्या मागे, चेसिसवर आहे. सळई बारा मीटर लांब येते. दुमडून ठेवली तरी सहा मीटर राहते, आणि हौदा असतो जेमतेम अडीच-पावणेतीन मीटरचा. उरलेली लांबी मागे लोंबते. नियमात हे बसत नाही, तरी रस्त्यावर रोज दिसतं. मागच्या ॲक्सलच्या पलीकडे गेलेलं वजन तरफेसारखं काम करतं. पुढची चाकं हलकी होतात आणि चेसिसच्या चॅनेलला केबिन संपते तिथे आणि मागच्या पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटपाशी मुरड बसते. खड्ड्यागणिक ती थोडी उघडते, थोडी मिटते. मग तिथे केसाएवढी चीर पडते. चीर डोळ्यांना दिसायच्या आधी तिच्या कडेनं गंजाचा तांबूस ओघळ दिसतो, म्हणून त्या जागेवरचा चिखल आणि ग्रीस डिझेलच्या फडक्यानं पुसून घेतल्याशिवाय सौद्याचं बोलू नये.

पाणी वाहिलेल्या गाडीचं गणित तर तोंडी करता येतं. दोन हजार लिटरची टाकी म्हणजे दोन टन पाणी. गाडीची ठरलेली क्षमता मॉडेलप्रमाणे सव्वा ते दीड टनाच्या आसपास. शिवाय अर्धी भरलेली टाकी वळणावर डुचमळते आणि सगळं वजन एका बाजूला फेकते. अशा गाडीचे पाटे सपाट झालेले असतात, किंवा त्यात जास्तीचे पाटे घालून ती उंच केलेली असते. या जास्तीच्या पाट्यांकडे पुढे परत यायचं आहे, कारण माझ्या मते जुन्या पिकअपमधला सर्वांत दुर्लक्षित धोका तिथे आहे.

या सगळ्यावर जालन्याची म्हणून एक भर पडते ती काळ्या मातीची. काळ्या मातीतल्या चिकणमातीचे कण थराथरांचे असतात आणि थरांमध्ये पाणी धरून ठेवतात. म्हणून तर ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. हीच माती चाकांवरून उडून चेसिसच्या चॅनेलमध्ये, मडगार्डच्या आत आणि पाट्यांच्या टेकूपाशी घट्ट बसते. बाहेरचा रस्ता दोन दिवसांत वाळतो, पण चॅनेलमधला चिखलाचा गोळा आठवडेच्या आठवडे ओला राहतो. लोखंड, पाणी आणि हवा तिघं एकत्र आले की गंज थांबत नाही. म्हणून उभी गाडी घेतल्यावर पहिला खर्च वॉशिंग सेंटरचा करावा आणि तोही खालून. दाबाच्या पाण्यानं चॅनेल आतून मोकळं करायचं, वाळू द्यायचं, मग लहान हातोडीनं फूटभर अंतरावर ठोकत जायचं. धड पत्रा खणखणतो. कुजलेला पत्रा थप्प असा मेलेला आवाज देतो, आणि तो आवाज एकदा ऐकला की पुन्हा चुकत नाही.

चेसिस कुजलेली किंवा चिरलेली निघाली तर काय? चीर लहान असेल, चॅनेलच्या उभ्या भागात असेल, तर तिच्या टोकाला भोक पाडून ती पुढे सरकणं थांबवता येतं आणि जाणता वेल्डर तिथे पट्टी लावू शकतो. वरच्या-खालच्या कडांना आडवं वेल्डिंग मात्र करू देऊ नये. सगळा ताण त्या कडांवर असतो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं शेजारचं पोलाद बदलतं, म्हणून पुढची चीर नेमकी टाक्याच्या बाजूला पडते. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या तारा सोडवायच्या, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जळतात. दोन्ही चॅनेल कुजले असतील तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी.

कागदपत्रांचं थोडक्यात. गाडीचा चेसिस नंबर धातूवर कोरलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल फिरवली की नंबर उठतो, आणि मालकी बदलाच्या फॉर्म ३० साठी हा छाप लागतोच. तो सौद्याच्या दिवशीच घ्यावा. आकड्यांची ओळ वाकडी असेल, एखादा आकडा जास्त खोल असेल किंवा आजूबाजूला घासल्याच्या खुणा असतील, तर तिथेच थांबावं. परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की बोजा चढलेला आहे का, पासिंग कधी संपलं, विमा आहे का हे दिसतं. चलनं ऑनलाइनच बघता येतात. कर्ज फिटलेलं असलं तरी फॉर्म ३५ वर फायनान्सची सही येऊन बोजा उतरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गावाकडे वर्षानुवर्षं गाडी पहिल्या मालकाच्या नावावर फिरत राहते, आणि त्यात विकणाऱ्याचाच घात आहे: अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की पासिंग दरवर्षी करावं लागतं आणि पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं शुल्क २०२२ पासून बरंच वाढलेलं आहे, तेव्हा हा खर्च गाडीच्या किमतीत धरूनच भाव करावा. एक दिलासा आहे. भारासह एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही, आणि बऱ्याच पिकअप त्यात बसतात.

आता गाडी दारात आली असं धरू. इथे बहुतेकांचा क्रम चुकतो. नवा मालक आधी इंजिन चालू करतो, मग रंग देतो, मग टेप आणि सीट कव्हर, आणि उरलेल्या पैशांत ब्रेक. मंठा चौफुलीजवळच्या एका गॅरेजात मी उभा असताना घनसावंगीकडचे एक शेतकरी अशीच घेतलेली पिकअप घेऊन आले. इंजिनचा आवाज ऐका म्हणाले. मिस्त्री हात पुसत म्हणाले, "ती चालू होतीय भाऊ, ते ऐकू आलं की. थांबतीय का ते बघू आधी." त्यांनी जॅक लावला, खाली घोड्या ठेवल्या, गाडी हलवून बघितली आणि मगच चाक काढलं. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधी शिरायचं नाही, हा नियम मोडून माणसं जीव गमावतात. त्यात सूट नाही.

ड्रम सहज निघेना. आतून गंजाची कड आली होती आणि लायनर त्या कडेला अडकत होते. ॲडजस्टर मागे घेऊन, चारी बाजूंनी लाकडी ठोकळ्यावर हातोडी मारत तो काढला. आत जमलेली धूळ कॉम्प्रेसरनं उडवायची नाही, पाण्यानं धुवायची. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात कायमची राहते. व्हील सिलेंडरचं रबरी टोपण बाजूला केलं तेव्हा तपकिरी चिखलासारखं काहीतरी बाहेर आलं. ते ब्रेक ऑइल होतं. दोन दट्ट्यांपैकी एक हलत होता, दुसरा बोअरमध्ये चिकटलेला. म्हणजे पेडल दाबल्यावर त्या चाकाचा एकच शू काम करत होता, आणि त्या शेतकऱ्यांनी अशी गाडी घनसावंगीहून चालवत आणली होती.

हे असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. ब्रेक ऑइल हे खनिज तेल नसून ग्लायकॉलच्या जातीचं द्रव असतं आणि ते हवेतली ओल शोषतं. ताजं डॉट-३ ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तोच उकळबिंदू १४० पर्यंत खाली येऊ शकतो. लांब उतारावर ड्रम तापले की मुरलेलं पाणी वाफ होतं. द्रव दाबला जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दाबली जाते. पेडल सरळ तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. उभ्या गाडीत हेच पाणी सिलेंडरच्या सर्वांत खालच्या भागात बसून बोअरला खड्डे पाडतं. म्हणून चारही व्हील सिलेंडर किंवा कॅलिपर किट, मास्टर सिलेंडर किट, सगळे रबरी होज आणि नवं ऑइल हा एकच खर्च समजावा. त्यात "एवढं चाललंय, राहू द्या" असं काही ठेवू नये. जुना बोअर खरवडलेला असेल तर नवं रबर महिन्यात फाटतं, तिथे अख्खा सिलेंडरच बदलावा. हवा काढताना मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. आपल्याकडे ते मागचं डावं.

आणि आता त्या जास्तीच्या पाट्यांकडे. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ चेसिसला एक छोटा व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी किंवा स्प्रिंग ॲक्सलला जोडलेली असते. त्याचं काम असं. गाडी रिकामी असली की मागची चाकं हलकी असतात, जोराचा ब्रेक लागला तर ती लॉक होऊन गाडी आडवी फिरते. म्हणून हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवतो. माल भरला की पाटे दबतात, हौदा खाली येतो, दांडी फिरते आणि मागच्या चाकांना पूर्ण दाब मिळतो. गाडीत किती माल आहे हे या व्हॉल्व्हला कळतं ते फक्त हौदा आणि ॲक्सल यांतल्या अंतरावरून. दोन पाटे वाढवून गाडी उंच केली की भर दोन टनांतही हौदा पूर्वीइतका खाली येत नाही. व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच राहते. वजन जास्त आणि मागचा ब्रेक कमी, अशी ती रस्त्यावर येते. उलट पाटे सपाट पडले असतील तर रिकामी गाडीही भरलेली समजली जाते आणि पहिल्या पावसात ओल्या डांबरावर मागचा भाग सरकतो. कित्येक गाड्यांत ही दांडी तुटलेली किंवा तारेनं बांधून ठेवलेली सापडते. पाट्यांचं काम करणारा आणि ब्रेकचं काम करणारा हे दोन वेगळे मिस्त्री असतात, त्यामुळे दोघांच्या मधली ही वस्तू कुणीच बघत नाही. जुन्या पिकअपच्या मालकाला एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगेन. पाटे कंपनीच्या मूळ संख्येवर आणा, दांडी मोकळी करून तिच्या मापाला लावा.

पाट्यांत मेन पाटा तुटलेला नाही ना, शॅकलचे बुश आणि पिन झिजलेत का, पाट्यांच्या मध्ये गंज साचून ते फुगलेत का, हे खोलूनच कळतं. सपाट झालेले पाटे भट्टीत तापवून पुन्हा वळवून मिळतात, पण ज्या पाट्याला चीर आहे तो वळवू नये. स्टिअरिंगची परीक्षा सोपी आहे. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा, मग डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवा. वर-खाली खडखडलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवं खडखडलं तर टाय रॉड एंड. टायरवर चौकटीतला चार आकडी शिक्का असतो. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी उन्हात बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या, बाजूला चिरलेल्या टायरवर माल घालू नये.

ब्रेक आणि स्टिअरिंगनंतर पाणी. मराठवाड्यात इंजिन बसण्याचं मोठं कारण मला रेडिएटरमधल्या पाण्यात दिसतं. आपल्या बोअरचं पाणी बेसॉल्टच्या खडकांतून येतं आणि बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापलं की ते फुटून न विरघळणारा कार्बोनेट तयार होतो आणि जिथे सर्वांत जास्त उष्णता असते तिथे, म्हणजे हेडच्या आणि सिलिंडरच्या भोवती, पांढरा थर चढतो. घरातल्या पाणी तापवायच्या कॉइलवर बसतो तोच हा थर. तो ओतीव लोखंडाच्या मानानं उष्णता कितीतरी कमी वाहून नेतो. आतली उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही, हेड वाकतं, गॅस्केट जातं. गाडी गरम होते म्हणून ड्रायव्हर वाटेतल्या बोअरचं पाणी ओततो, म्हणजे आणखी कॅल्शियम आत जातं.

याच्या जोडीला दुसरी सवय. गाडी गरम व्हायला लागली की थर्मोस्टॅटचा वॉल काढून फेकून द्यायचा. त्यानं चार दिवस बरं वाटतं. पण मग इंजिन थंडीत लवकर तापतच नाही, थंड सिलिंडरात डिझेल नीट जळत नाही, रिंगा जास्त झिजतात आणि डिझेलही जास्त लागतं. काही इंजिनांत हा वॉल पाण्याची बगलेची वाट बंद करण्याचंही काम करतो. तो काढला तर थोडं पाणी रेडिएटरमध्ये न जाताच फिरत राहतं आणि गाडी पहिल्यापेक्षा गरम होते.

उभ्या गाडीचं रेडिएटर आधी उघडून बघावं, अर्थात इंजिन पूर्ण थंड असताना. गंजकट लाल पाणी असेल तर काढून टाकावं. लिंबूसत्व गरम पाण्यात विरघळवून ते आत फिरवलं तर कार्बोनेटचा थर सुटतो, पण ॲल्युमिनियमच्या भागांना तेही खातं, म्हणून फार वेळ ठेवायचं नाही आणि नंतर भरपूर साध्या पाण्यानं धुवायचं. तांब्या-पितळेचं जुनं रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला टाकीचा टाका उघडून नळ्यांतून सळई फिरवून देतो. ते काम मनापासून करणारे लोक जालन्यात अजून आहेत. मग नवा थर्मोस्टॅट, नवे होज, वॉटर बॉडी गळत असेल तर ती, आणि सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे रेडिएटरचं झाकण. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटरवर आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी शंभराच्या थोडं आधी, अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाच्या स्प्रिंगनं आत एक बारपर्यंत जास्तीचा दाब धरला की तेच पाणी एकशेवीसच्या आसपास जातं. स्प्रिंग गेलेल्या झाकणाची गाडी उन्हाळ्यात उकळणारच. शेवटी कुलंट, डिस्टिल्ड पाण्यात मिसळून. त्यानंतर त्या गाडीत बोअरचं पाणी पुन्हा जाऊ देऊ नये. सीटमागे कुलंटचा कॅन ठेवावा.

यानंतर इंजिनला हात लावायचा. उभ्या इंजिनला थेट सेल्फ मारू नये. जुनं ऑइल काढा, ते दुधाळ असेल तर पाणी शिरलंय हे ओळखा आणि गॅस्केटचा शोध घ्या. नवं १५ डब्ल्यू ४० ऑइल आणि फिल्टर घाला, पुलीला पाना लावून इंजिन हातानं दोन-चार फेरे फिरवा. मोकळं फिरलं तर डिझेल बंद ठेवून, म्हणजे स्टॉप ओढून, सेल्फ मारा. ऑइलचा लाल दिवा विझला की बेअरिंगांत तेल पोहोचलं. मगच डिझेल सोडा. टाकीतलं जुनं डिझेल आधीच काढलेलं असावं, कारण तळाच्या पाण्यानं पंप आणि नोझल गंजतात. फिल्टर बदलल्यावर हातपंपानं हवा काढायची.

चालू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. आतून धुराचे फुत्कार येत असतील तर मिस्त्री म्हणतील बॅक कॉम्प्रेशन आहे, काम काढावं लागेल. घाई करू नका. उभ्या इंजिनच्या रिंगा खाचेत चिकटलेल्या असतात आणि थोडं चालवल्यावर कधीकधी मोकळ्या होतात. हलका माल घालून काही दिवस चालवा, मग चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. चौघांत मोठा फरक नसेल तर ते काम पुढच्या हंगामापर्यंत थांबू शकतं. धुराचा रंगही बोलतो. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेलला हवा पुरत नाही, आणि गरम झाल्यावरही राहणारा पांढरा म्हणजे नोझल किंवा गॅस्केट.

यांत्रिक पंपाची जुनी गाडी आणि कॉमन रेलची गाडी यांतली निवडही इथेच कळते. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज-४ आणि २०२० पासून भारत स्टेज-६ आलं, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्या सेन्सर आणि स्कॅनरवर चालतात. डिझेल हजार बारच्याही वर दाबलं जातं आणि पाण्याचा एक थेंब नोझलची वाट लावतो. धूर कमी, ताकद जास्त, यात शंका नाही. पण अनेक वर्षं उभी राहिलेली गाडी तालुक्याच्या गॅरेजात उठवायची असेल, तर यांत्रिक पंपाची निवडावी.

क्लच, गिअर ऑइल, डिफरन्शियलचं ऑइल, जॉइंटच्या क्रॉसला ग्रीस, या कामांत अडचण काही नाही, विसरू मात्र नयेत. वायरिंगमध्ये उंदरांनी खाल्लेला तुकडा टेप गुंडाळून झाकू नये, कापून नवा जोडावा आणि प्रत्येक वाटेला फ्यूज असावा. जागेवर पेटलेल्या पिकअपची सुरुवात बहुतेक अशाच टेपखाली झालेली असते.

जुने पार्ट कटिंगमधून आणायला हरकत नाही. दार, बोनेट, फाळका, सीट, काच, हब, अगदी गिअरबॉक्ससुद्धा. ब्रेक, स्टिअरिंगचे जॉइंट, पाटे आणि रबराची कुठलीही वस्तू मात्र नवीच. जालन्यात हे पार्ट मिळतात त्याचं कारण इथल्या भट्ट्या. ज्या गाडीला कुणी हात लावत नाही ती कटिंगला जाते आणि तिचा पत्रा, चेसिस, ॲक्सल इंडक्शन भट्टीत दीड हजार अंशांच्या वर वितळून त्याची सळई होते. त्याआधी वायरिंग काढून घ्यावं लागतं, कारण तांबं पोलादात गेलं की पुन्हा निघत नाही आणि जास्त झालं तर रोलिंगमध्ये पोलादाला वरून भेगा पडतात. धड चेसिसची गाडी या रांगेत लागलेली बघवत नाही. तिच्यात लागणारा खर्च बहुतेक वेळा रबर, द्रव आणि मजुरीचा असतो, आणि कमी जमिनीच्या शेतकऱ्याला ती कर्जाच्या नव्या गाडीपेक्षा फार लवकर स्वतःच्या पायावर उभं करते. हप्ता नसलेली गाडी एका नापिकीच्या वर्षात घरातून ओढून नेली जात नाही.

रंग शेवटी. कुजलेल्या पत्र्यावर लांबी भरून रंग मारला तर पहिल्या पावसात फुगे येतात; तो पत्रा कापून नवा बसवायचा, आतून प्रायमर आणि गंजरोधक मारायचं, हौद्याच्या कोपऱ्यांत पाणी निघून जायला भोकं मोकळी आहेत का बघायचं.

पहिली खेप अर्ध्या मालाची करावी, पूर्ण नाही. अंबडपर्यंत जाऊन थांबावं आणि हाताची मागची बाजू चारही ड्रमांजवळ न्यावी. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर त्याचा ब्रेक सुटत नाहीये. कुलंटची आणि ब्रेक ऑइलची पातळी बघावी. चाकांचे नट पुन्हा आवळावेत. परत आल्यावर यू-बोल्टचे नटही आवळून घ्यावेत, कारण खोलून जोडलेले पाटे पहिल्या भारानं एकमेकांवर नीट बसतात आणि नट सैल पडतात. सैल यू-बोल्टखाली मेन पाटा मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकातून तुटतो. हे आवळणं पहिल्या पूर्ण भाराच्या खेपेनंतर आणखी एकदा करायचं.